अल्कोचा रंग

३ नोव्हेंबर

दामिनीला आज परत आणलं. तिच्या माहेरी नाकाडोंगरीत आज मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा होती, लेकी-जावयांनी घर भरलेलं, आणि माझ्या साळ्याने, मोनूने, नेमका तोच मोका साधला. अंगणात गावची पाच माणसं बसवली. तिकडे दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ रंगलेला, ढोलकीचा आवाज येतोय, आणि इकडे माझा पंचनामा. मी कधी मारलं, कशाने मारलं, दामिनीने खाली मान घालून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती सांगणार नाही. घरची गोष्ट बाहेर काढणाऱ्या बाईची मला मनस्वी चीड आहे, पण तिथे चीड दाखवायची सोय नव्हती.

शेवटी मोनू म्हणाला, "भाऊजी, न्याचं तं न्या. पण पुन्हा हात उचलला तं ती इकडं येईल, अन् मंग तिकडं कधीच पाठवनार नाही. सगळ्यायच्या समोर सांगून ठेवतो." मी हो म्हणालो. चहा घेतला आणि तिला गाडीवर बसवून तुमसरला आलो.

या डायरीत खरं लिहायला हरकत नाही. मी वाईट माणूस नाही. दारू पीत नाही, बाहेर लफडं नाही, पगार आईच्या हातात देतो. फक्त डोकं लवकर तापतं. पोळ्याला तिच्या कानाखाली दिली ते कबूल. कुकरचं झाकण मात्र मी भिंतीवर फेकलं होतं, ती मधे आली. हे मी त्या पाच जणांना समजावून सांगितलं तर त्यातला एक म्हातारा हसला.

डोकं का तापतं तेही लिहून ठेवतो. मी रेल्वेची असिस्टंट लोको पायलटची परीक्षा पास झालो होतो. मेडिकलला डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक उघडलं आणि विचारलं, यात कोणता आकडा दिसतो. आकडा नव्हताच. मी खरं तेच सांगितलं. पुढच्या पानावरही नव्हता, त्याच्या पुढेही नव्हता. रिकामी पानं दाखवून आकडे विचारायचे आणि वर अनफिट लिहायचं. माझ्या जागी कोणाचा तरी भाचा लागला असणार. तेव्हापासून मी राइस मिलच्या ऑफिसात धानाच्या गाड्या नोंदवतो आणि घरी आलो की कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये रेल्वे चालवतो. कोणाला तो खेळ वाटतो. मला वाटत नाही.

वरठीच्या गोलूचा आजच मेसेज आला. आमचा पंधरा-वीस जणांचा सिम्युलेटरवाल्यांचा ग्रुप आहे, तो गोलू चालवतो. त्याने तुमसर रोड ते तिरोडी ही आपली लाइन गेममध्ये बनवून पुरी केली आहे, स्टेशनं, फाटकं, सिग्नल, सगळं. आता तिच्यावर शोभेल असं जुनं अल्को डिझेल इंजिन हवं. ते मी शोधून, दुरुस्त करून द्यायचं, आणि वर्ष संपायच्या आत एकही सिग्नल न तोडता चालवून त्याचा व्हिडिओ टाकायचा. खाली माझं नाव येईल: ईश्वर, तुमसर. मी हो म्हणालो. आज दोन ठिकाणी हो म्हणालो.

५ नोव्हेंबर

इंजिन शोधणं म्हणजे उकिरड्यात अंगठी शोधणं. जिथे म्हणून लोकांनी जुनी इंजिनं ठेवली होती त्या साइट बंद पडल्या आहेत. एका लिंकवर क्लिक केलं तर बुटांची जाहिरात आली, दुसरीवर टक्कल घालवायचं औषध. शेवटी कोणा परदेशी माणसाने फार वर्षांपूर्वी बनवलेलं आपलं अल्को एका मेलेल्या फोरमच्या तळाशी सापडलं. उतरवलं, फोल्डरमध्ये टाकलं, तर गेमच्या यादीत नावच नाही.

इंजिनाची सगळी कुंडली एका साध्या लिखाणाच्या फाइलमध्ये असते, वजन किती, ब्रेक कसा, भोंगा कोणता. त्यात एक कंस बंद करायचा राहिला होता. एवढ्याशा कंसापायी अख्खं इंजिन गायब. कंस टाकला आणि इंजिन आलं, पण रुळाच्या वीतभर वर तरंगत होतं, भोंगा मुका, आणि धूर निघत होता ड्रायव्हरच्या खिडकीतून.

मी माउस आपटला. फुटला. दामिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, पाहिलं, परत आत गेली. मोनूला दिलेल्या शब्दात माउस येत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस चांगला गेला म्हणून लिहितो.

इंजिन रुळावर बसवलं. धूर नळीतून काढला. भोंग्यासाठी सकाळीच तुमसर रोडच्या फलाटावर जाऊन उभा राहिलो आणि मालगाडीचा भोंगा मोबाइलमध्ये भरून आणला, तो इंजिनाला लावला. पहिल्यांदा वाजवला तेव्हा आईच्या हातून वाटी पडली. आम्ही तिघंही हसलो.

मग दामिनीला शेजारी खुर्चीवर बसवलं. खऱ्या इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की सहायक त्याचा रंग मोठ्याने सांगतो आणि पायलट तोच रंग मोठ्याने परत म्हणतो. दोघांचं एकमत झालं तरच गाडी पुढे. कोचिंगला आम्हाला हे घोकून घोकून शिकवलं होतं. नुसतं बघून चालत नाही, तोंडाने म्हणावं लागतं. घरात माझा सहायक दुसरा कोण असणार?

तिला एकदा सांगितलं आणि जमलं. सिग्नल ठिपक्याएवढा असतानाच म्हणायची, "दूरचा सिग्नल पिवळा." मी म्हणायचो, पिवळा. स्टेशनाच्या तोंडाशी म्हणायची, "होम सिग्नल लाल." लाल. ब्रेक. गोबरवाहीपर्यंत एक चूक नाही. आवाज बारीक आहे तिचा, पण स्वच्छ. मी तिच्याकडे पाहून म्हणालो, तू तर पक्की निघालीस. ती म्हणाली, "असं रोज चाललं तं मी रोज बसन." मला खरंच बरं वाटलं. माणसाला घरात एवढंच पाहिजे असतं.

११ नोव्हेंबर

ती म्हणाली लाल. मला स्पष्ट पिवळा दिसत होता. मी पिवळा म्हणालो, ती पुन्हा लाल म्हणाली. सहायकाने पायलटशी वाद घालायचा नसतो. मी गाडी नेली आणि स्क्रीनवर पाटी आली: धोक्याचा सिग्नल ओलांडला, फेरी रद्द. म्हणजे गोलूने सिग्नल चुकीचे बसवलेत. दाखवतात पिवळा आणि मोजतात लाल.

ती गप्प बसली असती तर काही झालं नसतं. पण म्हणाली, "मी सांगतलं होतं ना." मी तिची वेणी धरून तिचं तोंड स्क्रीनला टेकवलं आणि म्हणालो, नीट बघ, कुठे लाल आहे. तिचं नाक काचेला लागलं. मारलं नाही. दाखवलं.

आई दारातून म्हणाली, "ऐकून घे ना बाई. त्याचं डोकं तापलं आहे." आईला बरोबर कळतं. बाबांच्या हाताखाली तिने सगळं आयुष्य काढलं, कधी माहेरी जाऊन बैठक बसवली नाही.

१४ नोव्हेंबर

इंजिनाचा रंग उतरलेला होता म्हणून तीन संध्याकाळी खपून नवा चढवला. जुन्या फोटोत आपलं अल्को गडद लाल आहे, मधे पिवळसर पट्टा. फोटो शेजारी उघडून, रंग जुळेपर्यंत, एकेक दरवाजा, एकेक जाळी रंगवली. डोळे फुटायची वेळ आली. दामिनीला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, माझ्याकडे पाहिलं, मग परत स्क्रीनकडे. म्हणाली, छान आहे. मग हळूच विचारलं, ग्रुपवर टाकायच्या आधी एकदा दिवसाच्या उजेडात पाहायचं का. मी म्हटलं, तू आता मला रंग शिकवणार?

ग्रुपवर टाकलं आणि जे सुरू झालं ते सुरू झालं. पोपट आला रे. शेवाळ धरलं का इंजिनावर. कोणी बेडकाचं चित्र टाकलं. गोलूने फोन केला, "ईश्वरभाऊ, इंजिन हिरवं काहून केलं? चांगलं लाल होतं ना." मागे कोणीतरी हसत होतं.

लाल इंजिनाला सगळे मिळून हिरवं म्हणतात. आधी रेल्वेने केलं, आता हे करतायत. मी फोन ठेवला. दामिनी पदराचं टोक चावत उभी होती. मी तिला हात लावला नाही. कपाटाच्या दारावर बुक्के मारले, ते दार आता लागत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

वरठीला गेलो. गोलूचं मोबाइलचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर आहे. मला पाहून उठला, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी म्हटलं, सगळ्यांसमोर लिही की रंग बरोबर आहे आणि आपण मजा केली. तो म्हणाला, "भाऊ, मजा नाही केली. तू फोटो पाह्य, अन् आपलं इंजिन पाह्य." आणि त्याने मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला. दोन्ही एकसारखी होती. एकसारखी असून तोंडावर सांगतो वेगळी आहेत.

पहिला ठोसा ओठावर बसला. तो काउंटरवर आडवा झाला, काचेतले कव्हर खाली आले. त्याने हातही उचलला नाही, नुसतं "अरे भाऊ, अरे भाऊ" चाललं होतं, त्याने मी अजून पेटलो. केस धरून त्याचं तोंड काउंटरच्या कडेवर आणलं. दात तुटल्याचा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं, सुपारी फोडल्यासारखा. लोकांनी मला ओढून बाहेर काढलं. कोणीतरी पाठीत लाथ घातली. गोलू तोंडावर हात धरून म्हणाला, पोलिसात नका जाऊ, ओळखीचा आहे. एवढी जर ओळख होती तर हसायचं कशाला?

घरी आलो तर दामिनीने न विचारता गरम पाण्यात मीठ टाकून माझा हात धुतला. बोटांच्या सांध्यात गोलूच्या दाताची खोक पडली आहे. धुता धुता म्हणाली, रंगाची फाइल कुठे असते, मी पाहू का. मी म्हटलं, तू फक्त हात धू.

खरं लिहायचं तर आज मला थोडी भीती वाटली. मारताना नाही, नंतर, गाडीवर. दोन्ही इंजिनं एकसारखी होती ना? मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. होती.

२१ नोव्हेंबर

आई म्हणते सूनबाई दुपारभर कॉम्प्युटरपाशी बसून असते. बसू दे. तिला गोडी लागली तर माझंच चांगलं आहे.

मी रंगाला पुन्हा हात लावला नव्हता. आज गोलूचा मेसेज: आता इंजिन एक नंबर झालं, हाच खरा रंग, लाइनसोबत सगळ्यांना द्यायच्या पॅकमध्ये घेतो. खाली सगळ्यांचे अंगठे. बेडूकवाल्याचाही. मी फाइल उघडून पाहिली, होतं तसंच इंजिन होतं. म्हणजे इंजिन बरोबरच होतं. एक दात पडल्यावर लोकांचे डोळे कसे साफ होतात बघा.

दामिनीला सांगितलं. ती चपात्या लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "बरं झालं. आता तं शांत झोपा." मी तिच्यासाठी बाजारातून शेवचिवडा आणला. रात्री तिघांनी मिळून खाल्ला.

२८ नोव्हेंबर

सिग्नल काही सुधरेनात. गोलूला सांगून उपयोग नाही, तो आता माझ्याशी जपून बोलतो, हो भाऊ हो भाऊ. म्हणून सिग्नलच्या दिव्यांचे रंग मीच बदलले. माझ्या नजरेला जे पटतील ते टाकले. आता तर प्रत्येक फेरी रद्द होते आहे.

दामिनीला बसवलं तर तिला रंगच सांगता येईनात. म्हणाली, "हा कोनता रंग आहे मलेच समजत नाही. जुने दिवे परत टाका ना." मग म्हणाली डोकं दुखतं. सहायकाने ड्युटीवर डोकं दुखतं म्हणायचं नसतं. खांद्यावर ओला टॉवेल होता, तोच घेतला. पाठीवर, दंडावर. ओला टॉवेल चांगला लागतो, पण हात उचलला असं त्याला कोणी म्हणणार नाही. तिनेही तसं म्हटलं नाही. आईने टीव्हीचा आवाज वाढवला.

मग मी जुने दिवे परत टाकले. तिचं ऐकलं म्हणून नव्हे.

३ डिसेंबर

तिने नवी पद्धत काढली. आता रंग सांगतच नाही. म्हणते, "वरचा पेटला." "मधला पेटला." "खालचा पेटला." आपल्या सिग्नलला वर हिरवा, मधे पिवळा, खाली लाल. मला म्हणाली, लांबून रंग फसवतो, जागा फसवत नाही. पहिल्यांदा मला राग आला, कारण रेल्वेत असं पुकारत नाहीत. पण चालवून पाहिलं. तुमसर रोडपासून तिरोडीपर्यंत पूर्ण फेरी झाली, पहिल्यांदाच. शेवटच्या स्टेशनात गाडी उभी केली तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो तर ती खुर्चीसकट मागे सरकली आणि दोन्ही हात कानांवर घेतले.

असं कोणी करतं का? मी तर मायेने हात उचलला होता. मूडच गेला.

रविवारी व्हिडिओ भरायचं ठरलं.

७ डिसेंबर, रविवार

हे लिहायला हात नीट चालत नाही, सुजला आहे.

सकाळी व्हिडिओ भरला. एक सिग्नल तुटला नाही, ब्रेक लोण्यासारखा लागला. गोलूला पाठवला. त्याने लगेच फोन केला, खुशीत होता, तुटलेल्या दातातून शब्द फसफसत होते. म्हणाला, "भाऊ, व्हिडिओ जबरदस्त. अन् वहिनीले सांग, रंग लय मस्त जमला. मी नंबर सांगतले होते तसेच टाकले तिनं."

कोणते नंबर, मी विचारलं. तो गडबडला. मग सगळं बाहेर आलं. वरठीच्या भांडणानंतर दामिनीने त्याला फोन केला होता. दाताबद्दल माफी मागितली, लाल रंगाचे आकडे लिहून घेतले आणि दुपारी मी मिलमध्ये असताना अख्खं इंजिन पुन्हा रंगवून त्याला पाठवलं. दुपारभर. परक्या माणसाशी फोन. माझ्या कॉम्प्युटरवर.

मी तिला बोलावलं. ती हात पुसत आली. मी विचारलं, रंग तू बदललास? ती हो म्हणाली. मला वाटलं होतं नाही म्हणेल, नाही म्हणाली असती तर मी कदाचित सोडलं असतं. मी म्हटलं, माझं लाल इंजिन बिघडवून वर माझीच बदनामी? आणि त्या गोल्याशी तुझं काय चालू आहे?

तेव्हा ती बोलली. इतकं ती कधीच बोलत नाही. "काही चालू नाही. तुमाले लाल दिसत नाही. लग्नाच्या आठवड्यातच समजलं मले, तुमी कच्चे टमाटर पिकले मनून आनले होते. कोनालेच सांगतलं नाही. इंजिन हिरवं होतं. लोकं हासतीन अन् तुमी घरी येऊन मारसान, मनून मी लाल केलं. त्या डॉक्टरच्या पुस्तकात आकडे होते. मले दिसतेत, तुमाले नाही दिसत, बस एवढंच आहे."

मी एक थप्पड मारली. ती पडली नाही. उभी राहून माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या नजरेत कीव होती. राग असता तर चाललं असतं. मग मला थांबता आलं नाही. कीबोर्ड हाताशी होता. त्याची कड कानावर, डोक्यावर बसली, बटणं खोलीभर उडाली. ती भिंतीला लागून खाली आली तेव्हा लाथा घातल्या. पोटात एक, बाकी मांडीवर. मी म्हणत होतो, सांग, काय रंग आहे, सांग. ती काही सांगत नव्हती. आई माझ्या दंडाला लटकली होती, तिला झटकलं तर ती पलंगावर आदळली.

मग एकदम थकलो. दामिनी कुशीवर पडून होती, श्वास चालू होता. रडत नव्हती. तोंडावर पदर ओढून घेतला होता. लागलं असेल, पण तसं काही दिसलं नाही. हिरवी साडी ओली झाली होती, पाणी सांडलं असेल असं वाटलं. मी चप्पल घालून बाहेर पडलो. माणसाने अशा वेळी बाहेर पडावं, डोकं थंड होतं.

पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घेतला. ठेलेवाला माझ्याकडे न बघता पुडी पुढे करत होता. दोन ओळखीचे उभे होते ते बाजूला झाले. मला वाटलं व्हिडिओ पाहिला असेल, आता मान देतायत. परत येताना शेजारच्या ताराबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या, सूप सांडलं.

"ईश्वर, शर्टाले काय लागलं रे?"

मी पाहिलं. हिरव्या शर्टावर ओले डाग होते. म्हटलं, चहा सांडला असेल, नाहीतर पाणी.

"पानी नाही रे बापा," त्या म्हणाल्या. "लाल आहे. सगळं लाल आहे. हात पाह्य तुह्या."

मी हात पाहिले. मला काळपट दिसत होते, ग्रीस लागल्यासारखे. वास घेतला तेव्हा कळलं.

घरात पळत गेलो. दामिनी नव्हती. मागचं दार सताड उघडं होतं आणि आई फरशी पुसत होती, बादलीतलं पाणी गढूळ झालेलं. मी ओरडलो, कुठे गेली? आई म्हणाली, ऑटोत बसवून दिली. मोनूला फोन केला, तो भंडाऱ्याच्या दवाखान्यात येतो आहे. मी म्हटलं, तू? तूच दार उघडलंस? तू तर नेहमी सांगायचीस ऐकून घे.

आई फडकं पिळत म्हणाली, "मी तवा माहेरी गेली नव्हती ना, मनून."

१२ डिसेंबर

पोलिसांनी बुधवारी नेलं. तक्रार तिने दवाखान्यातूनच दिली आहे. ठाण्यात एका शिपायाने मला दोन लावल्या, कारण नसताना. कालच सुटलो. मिलवाल्यांनी सांगितलं आहे की प्रकरण मिटेपर्यंत येऊ नका.

ठाण्यातल्या साहेबांनी लांब राहायला सांगितलं आहे, तरी आज भंडाऱ्याला गेलो, तिला घ्यायला. डोक्यावर पट्टी, एक डोळा मिटलेला. मोनू उठला. मला वाटलं हा आता मारतो. मारलं असतं तर बरोबरी झाली असती. पण तो नुसता मधे उभा राहिला. मी त्याच्या खांद्यावरून तिला म्हणालो, चल घरी, माझं चुकलं, आता इंजिनाचं नावच काढत नाही. तिने मान फिरवली आणि दुसरा कान माझ्याकडे केला. डाव्या कानाने आता ऐकू येत नाही म्हणे, पडदा गेला आहे. मला सगळं पुन्हा म्हणावं लागलं. दवाखान्यात दुसऱ्यांदा मोठ्याने म्हटल्यावर ते कसंतरीच वाटलं.

ती म्हणाली, "मी येत नाही. सगळ्यायच्या समोर ठरलं होतं."

तेवढंच. कपडे आणि कागद न्यायला मोनू उद्या येणार आहे. लोकांना दिलेला शब्द हिला बरोबर आठवतो, नवऱ्याचं काही आठवत नाही.

१८ डिसेंबर

गोलूने मला ग्रुपमधून काढलं. पॅकमध्ये इंजिन ठेवलं आहे, माझं नाव नाही. कोणाचंच नाही. माझा व्हिडिओही उडवला.

ठीक आहे. नवा व्हिडिओ मी स्वतः टाकणार, माझ्या नावाने. नवा कीबोर्ड आणला. सहायकाशिवाय चालत नाही, म्हणून आईला खुर्चीवर बसवलं. तिला मोतीबिंदू आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. पण शिकवलं तर शिकेल. म्हटलं, दिवा दिसला की रंग मोठ्याने सांगायचा. ती म्हणाली, मले काय दिसते बापू. मी म्हटलं, दिसेल. बस.

पहिल्या दोन फेऱ्या रद्द झाल्या. मी ओरडलो असेन. दुसऱ्या वेळी टेबलावर हात आपटला तर तिने डोळे घट्ट मिटले आणि मान आत ओढून घेतली, जशी बाबांपुढे ओढायची. मी म्हटलं, आई, मी तुला काही करतोय का?

तिसऱ्यांदा गाडी सोडली. आई पाठ ताठ करून बसली, दोन्ही हात मांडीत धरून. गाडीने अजून फलाटही सोडला नव्हता, पुढे नुसते रूळ आणि शेतं होती, सिग्नल यायला बराच अवकाश होता.

आणि आई मोठ्याने म्हणत होती, "हिरवा आहे, बापू. हिरवा. हिरवा आहे."